बॉयलरवाल्या आजोबांचा शोध

हे मी आजवर कोणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही — आणि तो तर आता राहिलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, नीटसं मलाही माहीत नाही. पण मनात ठेवून ठेवून वैताग आलाय. स्वतःचाच.

मी सदुसष्ट वर्षांचा. पोस्टातून निवृत्त झालो, कात्रजला राहतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीने, मुग्धाने, घराण्याचा इतिहास लिहायचं मनावर घेतलं. नोकरी हिंजवडीला, पण शनिवार-रविवार याच कामात. आता आमचं घराणं म्हणजे काय — ना वाडा, ना वतन. पणजोबा हमाल. आजोबा, गणपत, कागदाच्या गिरणीत बॉयलरवर. या गणपतबद्दल घरात एवढंच बोललं जायचं : दारू प्यायचा, आजीला मारायचा, घरातली भांडी नेऊन विकायचा, आणि एके दिवशी निघून गेला. माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे होते, शांताआत्या सहाची.

मुग्धाला नेमका तोच हवा होता. "काका, बाकी सगळ्यांचं काही ना काही मिळतं हो. हा माणूस गेला कुठे?"

मी तिच्याबरोबर हिंडलो. सगळीकडे. गिरणी कधीच बंद पडलेली, तिची हजेरीबुकं रद्दीत गेलेली. एका कचेरीत तीन शनिवार घातले. तिथले गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "मृत्यूची तारीख सांगा, नोंद काढून देतो." मुग्धा म्हणाली, "अहो, तारीखच तर शोधतोय." त्यावर ते म्हणाले, "मग सापडली की या." मुग्धा चिडून जिना उतरली. मीही चिडलो, मोठमोठ्याने. या देशात माणूस मेला तरी कागदावर मरत नाही, असं काहीबाही बोललो. रिक्षात ती म्हणाली, "काका, तुम्ही आहात म्हणून मी टिकून आहे." — हे ऐकताना मी बाहेर बघत होतो.

शांताआत्या शहाऐंशी वर्षांची होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. "लागला का काही तपास?" तिला वडिलांचा चेहरा आठवत नव्हता. आठवत होते फक्त हात — मनगटापर्यंत काळे, नखं भाजलेली. त्या हातांनी ते तिची वेणी घालायचे म्हणे. दारुड्या माणसाने सहा वर्षांच्या पोरीची वेणी घालावी, यावर घरात कोणी विश्वास ठेवला नव्हता.

मग हडपसरला गिरणीतले एक जुने कामगार सापडले. गणपतच्या वेळी ते गिरणीत पोरगेलेसे हरकामे होते; आता नव्वदी ओलांडलेली, पण स्मरण लख्ख. त्यांनी सांगितलं ते आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. बॉयलरची झडप अडकत होती, गणपतने दोनदा वर जाऊन सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही. एका पाळीला वाफ सुटली आणि त्याचा जोडीदार त्याच्यासमोर भाजून मेला. ठपका गणपतवर आला, नोकरी गेली. "दारू त्याच्यानंतरची," म्हातारबुवा म्हणाले. "आधी चहासुद्धा मोजून प्यायचा." आणि निघताना म्हणाले, "इथनं पुढं, मांजरी गावाकडं गेला, असं कानावर आलं होतं."

मुग्धाने वहीत 'मांजरी' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मी काय केलं? गाडीत बसल्यावर म्हणालो, "वय झालंय त्यांचं. एकात दुसरं मिसळतात. मांजरीत आपलं होतं कोण?" तिने थोडा विचार केला आणि तो शब्द खोडला.

खोडला — कारण मी पोस्टातला माणूस, पत्ते मला कळतात, असं तिला वाटलं.

आता सांगतो.

मी सतरा वर्षांचा होतो. आम्ही तेव्हा नाना पेठेत, चाळीत दोन खोल्यांत राहायचो. कॉलेजचं पहिलं वर्ष. दुपारची वेळ, वडील कामावर, आई दळणाला गेलेली. माझे तीन वर्गमित्र पहिल्यांदाच घरी आले होते — चांगल्या घरांतले, इस्त्रीच्या शर्टांतले. त्यांना मी सांगून ठेवलं होतं की माझे आजोबा गिरणीत इंजिनिअर होते आणि अपघातात वारले. का सांगितलं होतं? कोणी विचारलंही नव्हतं.

दारात एक म्हातारा उभा राहिला. धोतर मळकं, खांद्याला पिशवी. "दत्तू गणपत हितंच ऱ्हातो ना?"

दत्तू म्हणजे माझे वडील. मी विचारलं, "आपण कोण?"

"मी त्याचा बाप."

मागे मित्र गप्प झाले होते. ऐकत होते, की मला तसं वाटलं, देव जाणे. मी दार अर्धं ओढून घेतलं आणि म्हणालो, "ते सोडून गेले. नाशिकला. आम्ही नवीन भाडेकरू."

"आन् शांती? माझी पोर?"

"सगळेच गेले."

शांताआत्या तेव्हा भवानी पेठेत नांदत होती. चालत दहा मिनिटं.

त्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. दारू प्यायलेला नव्हता, हे मला स्वच्छ कळलं होतं. म्हणाला, "कदी पत्र आलं त्यांचं, तर कळवा. मांजरीला गुऱ्हाळावर असतो. चुलवाणाला जाळ घालतो." मालकाचं नावही सांगितलं. मग पाणी मागितलं. मी घरात पाणी नाही म्हणालो. माठ माझ्या पाठीशी होता.

शेजारी विचारलं असतं तरी त्याला खरं कळलं असतं. त्याने विचारलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवला आणि जिना उतरून गेला. आत येऊन मी मित्रांना सांगितलं, भीक मागायला आला होता.

त्या संध्याकाळी वडिलांना सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही. मांजरी काय सायकलने जाण्याजोगी होती. पण एक दिवस गेला, मग महिना, मग सांगायचं तर उशीर का केला हेही सांगावं लागणार. वडील वारले. मी नोकरीभर दुसऱ्यांची पत्रं ज्याची त्याला पोचती होतात की नाही ते बघितलं. हसू येतं? मला नाही येत.

मुग्धाने शब्द खोडला त्याच्या पुढच्या आठवड्यात मी एकटाच मांजरीला गेलो. गुऱ्हाळाच्या जागी इमारती. पण मालकाचा मुलगा तिथेच एका फ्लॅटमध्ये राहतो, माझ्याहून थोडा मोठा. नाव काढताच म्हणाला, "बॉयलरबाबा? व्हते की! लई गुणी मानूस. आमच्या शेडातच गेले. अग्नी आमच्या वडलांनी दिला." मग म्हणाला, "पोरंबाळं नाशिकला गेली म्हनून दोनदा जाऊन आले तिकडं. आठ-आठ दिस हिंडले. कुनी घावलं न्हाई. दुसऱ्यांदा आले ते आजारीच."

मी हातातला चहा खाली ठेवला. त्याने विचारलं, "तुमी कोन त्यांचे?"

मी म्हणालो, "ओळखीचा."

पन्नास वर्षांनी. तिथे ना मित्र होते, ना लाजायला कोणी. तरीही.

तिथून सरळ आत्याकडे गेलो. तिला आता सगळं सांगण्यासारखं होतं माझ्याकडे — वडील कुठे राहिले, कसे गेले, तिला शोधत होते. ती पलंगावर बसून लसूण सोलत होती. "मुग्धा काय म्हणते?" तिने विचारलं. मी म्हणालो, "शोधतेय." तिने मान हलवली आणि मला लाडू दिला. मी तो खाल्ला.

पौषात आत्या गेली.

मुग्धाने पुस्तिका छापायला काढली. वैतागलेली होती, म्हणाली, या एका माणसापुढे मी हरले. छपाईआधी तपासायला पानं माझ्याकडे आली, माझं शुद्धलेखन चांगलं म्हणून. गणपत आजोबांच्या पानावर शेवटची ओळ होती : 'यानंतर त्यांचा ठावठीकाणा लागला नाही.'

'ठी' दीर्घ पडला होता. मी लाल पेनाने तो ऱ्हस्व केला आणि पानं परत पाठवली.