पत्र्याची खोप कुणाच्या मापानं?

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर आज बातम्यांऐवजी आमच्या काकांच्या मळ्यातलं लिहितो.

"निजामी गेली, आता कुडाची खोप कशाला?" म्हणत काकांनी जुनी खोप मोडली. उमरग्याहून पत्रे आणले. खोरी, खुरपी, बियाण्यांची पोती मापून त्यांच्या मापानं नवी खोप उभी केली आणि दाराला कुलूप घातलं.

आज दुपारी काकू भाकरी घेऊन लिंबाखाली बसली होती.

"अगं, आत बस की," काका खोपीतून म्हणाले.

"आत खुरपीसुद्धा चटका देत्यात. जुन्या खोपीत मी घटकाभर पडायचे तरी."

थोड्या वेळानं काकाही आपली भाकरी घेऊन लिंबाखाली आले, कमरेला नवी चावी लावून.

तुमच्या मळ्यातली खोप कुणाच्या मापानं बांधलीय?