बांधावरची तार

दिवाकर रानडुकरांसाठी लावलेल्या करंटच्या तारेने मेला.

आज वर्ष झालं.

लोक अजून विचारतात, ट्रकने उडवलं का? सायकलवाला गेला म्हणजे ट्रकच, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं आहे. माझी बायकोही रोज तेच म्हणायची. हायवेला जाऊ नका, शहापूरकडे तर अजिबात नको.

आम्ही ऐकलं ना. म्हणून तर आतले रस्ते शोधले. नहराची, म्हणजे कालव्याची, पाळ, तलावाची पाळ, धानामधून जाणारे रस्ते.

सेफ रस्ते!

दिवाकर आमच्या मोहाडीचा. घरची धानाची शेती, आणि बाजारात माझ्या कटलरीच्या दुकानाला लागून त्याचं बियाण्यांचं दुकान. दोघांनाही एकाच वर्षी शुगर निघाली, दोघांनीही गिअरच्या सायकली घेतल्या. अख्ख्या बाजाराने आमच्या हाफ पँटची चेष्टा केली. मला लाज वाटायची. तो मात्र गिऱ्हाइकासमोरही हेल्मेट घालून बसायचा.

त्याचा सगळ्यात आवडता रूट म्हणजे कोंढ्याहून धरणाच्या पाण्यापर्यंत. पलीकडचा काठ दिसत नाही एवढं पाणी.

"आपल्या भंडाऱ्याले समुद्र नाही म्हणते कोण?" दर वेळी हेच. मी दर वेळी म्हणायचो, "मासे खाऊन घे मग, कोकणी."

कोंढा शालूवहिनीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, माहेर. त्या शनिवारी तिथे मुक्काम केला. उजाडता उजाडता दोघंच निघालो. धानाच्या लोंब्या नुकत्याच पोटरीतून बाहेर पडलेल्या. गार हवा. छान वाटत होतं, खरंच.

गावाबाहेर माझं मागचं चाक बसलं.

पंक्चर शोधायचं तर ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं. पोरं सायकल शिकतात तेव्हापासून सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. आणि पाणी तर समोरच. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, घोटाभर.

मी ट्यूब काढली, हवा भरली. त्याने हातातून घेतली.

"तू बस गा. एवढ्या पोटानं वाकता येते का तुले? मी पायतो."

तो बांधावर उकिडवा बसला. ट्यूब पाण्यात दाबली.

"सापडला पंक्च..."

एवढंच.

तो पुढे पडला. मला वाटलं पाय घसरला. मी हसलो. मग त्याचे झटके खाणारे खांदे दिसले. तसे खांदे मी पुन्हा कधी पाहू नये.

मी धावलो आणि बांधाच्या अलीकडे थांबलो. धानाच्या बुडाशी एक बारीक तार होती, खुंटीवरून सुटून पाण्यात पडलेली. त्याला हात लावला असता तर मीही गेलो असतो. डॉक्टर हेच म्हणाले, पोलीस हेच म्हणाले, शालूवहिनीही हेच म्हणाली.

पण तेव्हा मला एवढंच कळत होतं की तो समोर आहे आणि मी जाऊ शकत नाही. मी ओरडत होतो.

ओरडणं ऐकून शेतवाला आला, मोटारीच्या खोलीकडे पळाला, करंट काढला, मग बांबूने तार बाजूला केली. उशीर झाला होता. शेतवाला चिखलातच बसला आणि रडायला लागला.

"डुकरासाठी लावली होती जी. उजाडल्यावर रोज काढतो. आजच उठाले उशीर झाला."

मला त्याचा गळा धरायचा होता. पण त्याच्याजवळ जायलाही ती बांधी ओलांडावी लागत होती.

तेरवी झाल्यावर एक दिवस वहिनी म्हणाली, "भाऊजी, शेतावर येता का?"

गेलो. दिवाकरचं धान उभं होतं. बांधावर खुंट्या होत्या.

खुंट्यांवर तार होती.

इतक्या वर्षांची दोस्ती, इतके रविवार, आणि तो मला हे कधी बोलला नव्हता.

"यायनंच लावली," वहिनी म्हणाली. "कोंढ्याले जाताना मले सांगून गेले, सांजेले करंट सोडजो, सकाळी काढजो. त्या दिवशी मी हे काढूनच राहिली होती. तवाच तुमचा फोन आला."

मी तारेकडे पाहत होतो. वहिनीच पुढे म्हणाली,

"घरचे म्हणून राहिले, कापणीपर्यंत राहू द्या. दिवसा काढत जा, रात्री लावत जा." ती माझ्याकडे पाहत होती. "काढून देता का, भाऊजी? माह्या हातानं होऊन नाही राहिलं."

करंट बंद होता. तिने मला मोटारीच्या खोलीत नेऊन सुटी केलेली वायर दाखवली. मी परत बांधापर्यंत आलो. वाकलो. हात पुढे गेलाच नाही. मी तिथेच खाली बसलो.

मग वहिनीने पदर खोचला, स्वतः बांधीत उतरली आणि पहिली खुंटी उपटली.

"डुकरं येतील ना, वहिनी."

"येऊ द्या."

"धान खातील."

"खाऊ द्या."

आणि आली डुकरं. कापणीआधी बरंच धान तुडवून गेली. घरात बोलणी कोणी खाल्ली, ते सांगायला नको. यंदाही डुकरं येतात. यंदाही तिने तार लावू दिली नाही.

मी अजून सायकल चालवतो. धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या की मात्र प्रत्येक बांध पाहत जातो. परवाच जाताना एका बांधावर नव्या खुंट्या दिसल्या. उतरलो नाही. रस्त्यावरूनच हाका मारत राहिलो, शेतवाला बाहेर येईपर्यंत. त्याने मला वेड्यात काढलं. काढू दे.

ज्यांच्या शेतावर तार आहे आणि जे हे वाचताहेत, त्यांच्या पाया पडतो. काढा.

दिवाकर, तुझ्या बांधीत आता कोणीही उतरावं असं पाणी आहे. मला अजून उतरता येत नाही.

जा बाबा सुखाने. तुला शेवटचा नमस्कार.