एका उत्तरामागे एक चमचा

निवृत्तीनंतर माझ्या नवऱ्याला मुंग्या पाळायचा नाद लागला. काचेच्या नळीत थोडं पाणी, कापसाचा बोळा आणि आत एक राणी. खारमधल्या आमच्या दोन खोल्यांत माणसांना जागा नाही आणि हे राण्या घेऊन येतात, म्हणून मी कायम करवादायचे. मग कॅन्सरने त्यांना पलंगाला खिळवलं. अन्नावरची वासनाच उडाली. एका संध्याकाळी जिन्यातल्या दिव्याखाली पंख गाळलेली मोठी मुंगी, म्हणजे राणीच, दिसली, तेव्हा मीच ती डबीत धरून वर आणली.

ते कितीतरी दिवसांनी स्वतःहून बोलले. "जात कुठली?"

भिंग धरण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. मी म्हटलं, "मी बघून सांगते. पण एका उत्तरामागे पेजेचा एक चमचा. कबूल?"

"कबूल. कमरेला गाठी किती? एक की दोन?"

"एक." पहिला चमचा गेला.

"पोट मधे आवळलंय का?"

"नाही, गुळगुळीत आहे." दुसरा गेला. लांबीसाठी मी शिवणाची टेप लावली, तिसरा गेला. पाय तांबूस आहेत म्हटल्यावर चौथा. मला देव पावल्यासारखं झालं.

"मुंगळ्याची राणी," ते म्हणाले आणि एक लांबलचक शास्त्रीय नाव घेतलं. "अंधारात ठेव तिला. पहिल्या मुंग्या निघेपर्यंत ही काही खात नाही."

झालं? इतक्यात? मला त्या मेलीचा रागच आला. "अहो थांबा, गाठी दोन वाटतायत मला."

"एकच आहे गं," ते हसून म्हणाले. तरी त्यांनी तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. मी सगळा जिना, गच्ची, खालच्या कुंड्या पालथ्या घातल्या.

"भाभी, क्या ढूँढ रही हो?" शेजारीण म्हणाली.

"चींटी," मी म्हटलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले.

शेवटी जी मिळाली ती साधी कामकरी मुंगी होती. एव्हाना मलाही तेवढं कळत होतं. तरी डबी घेऊन त्यांच्या उशाशी बसले. "अहो, नवीन राणी आणलीय. विचारा ना."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग प्रश्नही मीच विचारले, उत्तरंही मीच दिली. प्रत्येक उत्तराला चमचा ओठांशी नेला. पेज हनुवटीवरून ओघळायची, ती मी पदराने पुसायचे, आणि पुढचा प्रश्न विचारायचे.