तिसरी कॅसेट

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेरीत बदलून आलेले एक बाबू आमच्या शेजारी राहायचे. दुष्काळामुळं दुपारी कुणीच बोअरची मोटर लावायची नाही, असं गल्लीत ठरलेलं. नेमका तेव्हाच यांचा टेप मोठ्यानं सुरू. चार तंतुवाद्यांची एकच विलायती रचना निरनिराळ्या वादक-चौकड्यांनी कशी वाजवली, ते डोळे मिटून ताडून बघायचे. मला, शाळेतल्या मास्तराला, काही हे वेड पटत नव्हतं.

एकदा त्यांनी मलाच ऐकायला बसवलं, एक कॅसेट ऐकवली, मग दुसरी लावली. त्यांच्या बाई मागच्या अंगणात बोअरकडं गेल्या.

"गुरुजी, कोणती बरी वाटून राहिली?"

"दुसरी. खालचा सूर लई भरीव हाय."

खूश होऊन त्यांनी कॅसेट बदलायला टेप बंद केला. तो सूर चालूच राहिला, मागच्या अंगणातून.

"आता ही ऐका," म्हणत त्यांनी तिसरी लावली, आणि आवाज वाढवला.