नानांचा व्हॉल

माझ्या वडिलांच्या हृदयातला व्हॉल बिघडला, आणि आम्ही बदलला तो केळीच्या बागेतल्या ठिबकचा.

म्हणजे झालं असं. नानांना चार पावलं टाकली की दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, "या वयात छाती उघडणं झेपणार नाही. नवा व्हॉल मांडीच्या शिरेतून वर नेऊन बसवू. पण आता थांबू नका, जिवाला धोका आहे."

"दुखणं छातीत, अन् हा मांडी मागू राह्यला!" नाना माझ्यावरच खेकसले. शेवटी अट घातली, "भास्कर आला तरच आत जाईन." भास्कर म्हणजे माझा चुलतभाऊ. नानांची रावेरकडची केळीची बाग तोच पाहतो, आणि नानांचा विश्वास फक्त त्याच्यावर. (पोटची पोरगी, तीही विज्ञानाची शिक्षिका, पिंप्राळ्यात सेवेला हजर असताना!) गावात बोभाटा नको म्हणून नानांनी दुखणं त्यालाही सांगू दिलं नव्हतं.

मी फोन लावला. तिकडे मोटारसायकल, वारा आणि भास्कर.

"भास्कर, नानांचा व्हॉल बदलायचाय!"

"काहून? काय झालं त्याले?"

"क्षार साचलेत. पुरता उघडतच नाही."

"ॲसिड सोडून पाह्यलं का?"

(ॲसिडिटी म्हणत असेल बिचारा!) "गोळ्या झाल्या रे, त्यानं काही होत नाही."

"मंग बदलूनच टाकू. वरून उघडा लागंल का?"

"छे! खालच्या मोठ्या लाइनीतून घालायचा. उद्या सकाळी तू हवास!"

"उजाडताच पोचतो, ताई!"

किती समजूतदार भाऊ, म्हणून माझे डोळे भरून आले.

सकाळी नाना हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर, डॉक्टर आत तयार, आणि भास्करचा पत्ता नाही! "तो आल्याबिगर मी हलत नाही," म्हणत नानांनी दरवाजाची कडी धरली. नर्स माझ्याकडे पाहतेय, मी जिन्याकडे. हा माणूस हट्टापायी जीव घालवणार! तेवढ्यात फोन वाजला. घाईघाईत मी स्पीकर लावला.

"ताई, बसवला व्हॉल! पार शेवटच्या खोडापर्यंत पाणी! पण जुना तर चांगला व्हता बॉ!"

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मास्कमागे नर्स खुदकन हसली.

नाना ताडकन उठून बसले. "चांगला व्हॉल काढून फेकला? ऐन घड भरायच्या टायमाले? डॉक्टरसाहेब, आटपा लवकर, मले वावरात जा लागंल!" कडी सोडली आणि वॉर्डबॉयवर ओरडले, "ढकल ना बॉ, पाहू काय राह्यला?"

काम छान झालं. दोन दिवसांनी नाना वॉर्डात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, दम न लागता. मी भर वॉर्डात ढसाढसा रडले, आणि मग शेजारच्या प्रत्येक पेशंटला पहिल्यापासून सगळी हकीकत सांगितली.

डॉक्टर तपासायला आले. नाना म्हणाले, "साहेब, तुमचं काम एक नंबर. आता या पोरीच्या तोंडालेबी एक व्हॉल बसवता का? बंदच होत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"नाना, एवढ्या मोठ्या मापाचा येत नाही हो!"