लेकीचे पायजमे

माझ्या मुलीला इलॅस्टिक सोसत नाही. अगदी लहान होती तेव्हापासून कमरेला इलॅस्टिकचा कपडा घातला की संध्याकाळपर्यंत तिथे लाल पट्टा उठायचा आणि झोपेत ती खाजवून खाजवून रक्त काढायची. डॉक्टर झाले, मलमं झाली. शेवटी माझ्या बायकोने आपल्यापुरता उपाय काढला. पोरीने घरात घालायचं ते सगळं सुती आणि सगळं घरी शिवलेलं. पायजम्याला नाडी, आणि नेफ्याला आतून माझ्या जुन्या लुंगीच्या मऊ कापडाची पट्टी.

बायको मुलुंडच्या एका शाळेत शिकवायची. आम्ही राहायला भांडुपला. रविवारी जेवणं झाली की खिडकीखालचं मशीन सुरू व्हायचं, आणि मला त्या आवाजात हमखास झोप लागायची. जाग यायची ती दोघींच्या भांडणाने.

"आई यार, परत अस्वलं? मी सातवीत आहे."

"झोपताना कोण बघतंय तुझी अस्वलं?"

"मी बघते ना!"

मग पुढच्या वेळी दोघी स्टेशनजवळच्या कापडवाल्याकडे जायच्या आणि चौकडी, रेघा, असलं काहीतरी मोठ्या माणसांसारखं कापड घेऊन यायच्या. पोरगी तेराव्या वर्षात होती. उंची नुसती पळत होती तिची. बायको म्हणायची, हिला काल शिवलेलं आज होत नाही.

त्या वर्षी मुलीच्या वार्षिक परीक्षेच्या दिवसांत बायकोने एकदम पाच-सहा पायजमे शिवले. एरवी ती एका वेळी एक, फार तर दोन शिवायची. मी विचारलं, एवढी घाई कसली? म्हणाली, "कापड स्वस्तात मिळालं, पडून कशाला राहू दे." पोरीने घालून बघितला आणि कुरकुर केली, "आतून जाड लागतंय गं शिवणीला." तर बायको म्हणाली, "घाल गपचूप. धुतल्यावर मऊ होईल." हे सगळं मला नीट आठवतं, कारण नंतर मी ते फार वेळा आठवलं आहे.

मे महिन्यात बायको शाळेच्या सुट्टीत घरी होती आणि एका दुपारी स्वयंपाकघरात खाली बसली ती उठेचना. हॉस्पिटलात नेलं. पोटात होतं, आणि सगळीकडे पसरलेलं होतं. मग सलाईन, इंजेक्शनं, केस जाणं, उलट्या. साकीनाक्याच्या माझ्या ऑफिसातून मी अर्ध्या दिवसाने निघायचो. बायकोची धाकटी बहीण बोरिवलीहून येऊन-जाऊन असायची. गणपती यायच्या आधीच्या आठवड्यात बायको गेली.

नंतरच्या महिन्यांबद्दल मला फार लिहिता येणार नाही. मुलगी शाळेत जायची, यायची, जेवायची. आम्ही एकमेकांशी भाजी, दूध, गॅस असलं बोलायचो. आईने शिवलेले ते पायजमे ती आलटून पालटून घालायची, दुसरं काही नाही. पण अंग थांबत नाही ना. दिवाळीनंतर ते तिला कमरेत आवळायला लागले, घोट्याच्या वर चढले. मावशीने चांगल्या दुकानातून दोन तयार आणले. चार दिवसांत कमरेला तोच लाल पट्टा. मावशी म्हणाली, टेलरकडे टाका. पोरगी म्हणाली, मला कुठल्याही टेलरला माप द्यायचं नाहीये.

मग एका रविवारी मी मशीनवरचं कव्हर काढलं.

मला दोरा ओवता येत नव्हता. मोबाइलवर व्हिडिओ लावून, थांबवून, परत लावून मी बॉबिन भरायला शिकलो. कापड आणलं, निळ्यावर पांढरी पानं असलेलं. आता माप. तेरा वर्षांच्या मुलीच्या कमरेभोवती टेप धरायचा कसा? मी टेप हातात घेऊन नुसता उभा. तिने माझ्याकडे बघितलं, टेप हिसकावून घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. आतून ओरडून एकेक आकडा सांगायला लागली, मी बाहेर लिहून घ्यायला लागलो. पुढेही आमचं माप कायम असंच घेतलं गेलं, बंद दाराच्या दोन बाजूंनी.

पहिला पायजमा मी दोन रविवार शिवत होतो. दोन्ही पाय एकाच बाजूचे कापले गेले होते, हे शिवून झाल्यावर कळलं. एका पायावर पानं सुलटी, दुसऱ्यावर उलटी. आसन इतकं तोकडं की ती तो घालून बाहेर आली तेव्हा तिला खुर्चीत बसताच येईना. ती अर्धवट वाकून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, वाट लागली आहे." आणि हसली. आई गेल्यानंतर पहिल्यांदा हसली. मीही हसायला लागलो, आणि मग दोघांनाही ते एकदम चुकल्यासारखं वाटलं.

"असं नाही जमणार," ती म्हणाली. "आईचा एक उसवू. त्यावरून बेत."

"आईचा कशाला?"

"रेघांचा गुडघ्यावर फाटलाय. तसाही घालता येत नाही."

तिनेच तो आणला. जमिनीवर पसरून बसली आणि छोट्या कात्रीने एकेक टाका उसवायला लागली. मी समोर बसून सुटे झालेले दोरे उचलत होतो. बाजूची शिवण अर्धी उसवली आणि ती थांबली.

"बाबा, हे बघ."

शिवणीच्या आत कापड होतं. म्हणजे थोडं असतंच, शिवणाऱ्या बायका त्याला माया म्हणतात, शिवण सुटू नये म्हणून कडेला ठेवलेलं जास्तीचं कापड. ते बोटभर असतं. हे चांगलं तीन बोटं होतं, नीट दुमडून, वर बारीक टाके घालून सपाट बसवलेलं. आसनात तसंच. खालचा काठ उलगडला तर तोही दोनदा दुमडलेला. सगळं सोडलं असतं तर तो पायजमा चार बोटं लांब आणि चांगला ऐसपैस झाला असता.

तिने उठून कपाटातून बाकीचे आणले आणि उलटे करून बघितले. सगळ्यांत तेच. मग त्याच्या आधीच्या वर्षीचा, पुसायला काढलेला अस्वलांचा शोधून आणला. त्यात माया बोटभरच.

मला वाटलं, बरं झालं, सोडून देऊ, वर्षभराची सोय झाली. मी तसं म्हणणारच होतो. पण तिचा चेहरा बघून थांबलो.

"हे परीक्षेच्या वेळी शिवले होते ना?"

"हो."

"तेव्हा तर आई बरी होती."

मला तिच्याइतक्या लवकर समजलं नव्हतं.

"बरी नव्हती," ती म्हणाली. "तिला माहीत होतं. पुढचे शिवायला आपण नसणार हे तिला माहीत होतं." आणि मग माझ्याकडे वळून, "तुलापण माहीत होतं."

"नाही गं. मला नव्हतं माहीत. तुझी शपथ."

"खोटं बोलतोस. तुम्ही दोघांनी मिळून मला सांगितलं नाही. मी परीक्षेचा अभ्यास करत होते, बाबा. मी तिच्याशी अस्वलांवरून भांडत होते. मला सांगितलं असतंत तर मी..." पुढचं तिला बोलता येईना. तिने ते सगळे पायजमे गोळा केले आणि एका पिशवीत कोंबले. "मला हे नकोत. मला कपडे नको होते. मला सांगायला हवं होतं."

पिशवी तिने माळ्यावर फेकली. उसवलेला तेवढा मागे राहिला. मी त्यावरून जुन्या वर्तमानपत्रावर आकार काढून घेतला आणि त्यावरून पुढे दीड-दोन वर्षं तिचे पायजमे शिवले. कळीसाठी, म्हणजे घेर वाढवायला मध्ये जोडतात त्या तुकड्यासाठी, कापड कमी पडायचं, नेफा वाकडा जायचा, पण आसन पुन्हा चुकलं नाही. ती घालायची. कुरकुर नाही, कौतुक नाही. त्या काळात ती माझ्याशी उद्धट वागली असं मी म्हणणार नाही. ती पाहुण्यासारखी वागली. काही लागलं तर विचारायची, झालं की थँक्यू म्हणायची. मी दोन-तीनदा सांगून बघितलं की मला खरंच माहीत नव्हतं. ती ऐकून घ्यायची आणि आत जायची.

आणि मला जे झालं होतं ते मी कुणाला सांगणार? ऑफिसात डबा खाताना मध्येच हात थांबायचा. बायको मार्चमध्ये माझ्या शेजारी झोपत होती, सकाळी माझा डबा भरत होती, आणि तिला माहीत होतं. कसं जमलं तिला? माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता का?

दुसऱ्या वर्षीच्या श्राद्धाला मेहुणी आली होती. भटजी गेले, जेवणं झाली. मुलगी ताटं उचलत होती. ती आता सोळाव्यात होती, माझ्या कानाशी यायची. मेहुणीने सहज म्हटलं, "हा पायजमा घरचा ना? छान शिवता हो तुम्ही आता." मुलगी कोरड्या आवाजात म्हणाली, "हो. आईने शिवलेले संपले ना. तिला आणि बाबांना आधीपासून माहीत होतं, म्हणून ती ढीगभर शिवून गेली."

मेहुणी रडायलाच लागली.

"यांना नव्हतं गं माहीत. मला माहीत होतं."

संक्रांतीच्या सुमारास बायकोने शाळेतून परस्पर जाऊन तपासण्या केल्या होत्या. रिपोर्ट आणायला बहिणीला सोबत नेलं. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून दोघी वांद्र्याला आणखी एका मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनीही तेच सांगितलं, की उपचारांनी दिवस थोडे वाढतील, बरं होणार नाही. बाहेर येऊन दोघी फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि बायकोने बहिणीला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली.

"मी म्हटलं, ताई, निदान भावोजींना सांग," मेहुणी म्हणाली. "तर म्हणाली, यांना सांगितलं की हे रडतील, आणि हे रडले की पोरीला कळेल. मग घर आजच बसेल. मला घर चालू असलेलं हवंय. मला पोरीने माझ्याशी नेहमीसारखं भांडायला हवंय. जेवढे दिवस मिळतील तेवढे दिवस. आणि नंतर ती इंजेक्शनं घेतली ना, ती तुमच्यासाठी घेतली. तुम्हाला काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून."

मुलगी ताटं हातात घेऊन भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. दोन वर्षांत तिने माझ्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं.

"तुला खरंच नाही सांगितलं तिने," ती म्हणाली.

"नाही सांगितलं."

मेहुणी गेल्यावर तिने स्टूल लावून माळ्यावरून ती पिशवी काढली. पायजमे जमिनीवर मांडले आणि उसवायला बसली. मीही कात्री घेतली. आम्ही सगळी माया सोडली, बाजूची, आसनातली, खालच्या काठातली. जुन्या घडीच्या जागी रंग गडद राहिला होता. मी मशीनवर काठाला बारीक शिवण घातली, तिने नाडी ओवली आणि आत जाऊन घालून आली.

पायजमा नडगीच्या मध्यावर संपत होता. कमरेत बसतच नव्हता, तिने नाडीची दोन टोकं मुठीत धरली होती. तिने खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"आईने एवढीच धरली होती माझी उंची," ती म्हणाली.

मी म्हटलं, खाली दुसऱ्या कापडाची पट्टी जोडतो, बाजूला कळी घालतो, होईल. ती नको म्हणाली. मग ती तशीच खाली बसली आणि मोठ्याने रडली, लहान मूल रडतं तशी, तोंड उघडं टाकून. मी तिच्या शेजारी बसलो. पाठीवरून हात फिरवावा की नाही हे मला कळत नव्हतं, ते तिनेच सोपं केलं. माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला तिचा खूप राग येतो, बाबा." मी म्हटलं, "मलाही येतो." हे मी तोवर कुणापाशी बोललो नव्हतो.

त्या दिवशी तिने माझ्याकडून एक कबूल करून घेतलं. "तुला काही झालं तर मला आधी सांगायचं. मावशीला नाही, ऑफिसात नाही. मला. मी लहान आहे वगैरे नाही चालणार."

आता ती घाटकोपरला कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात ऑफिसात माझ्या छातीत जळजळायला लागलं, डावा हात भरून आल्यासारखा झाला. साहेब म्हणाले, लगेच डॉक्टरकडे जा. खाली उतरून रिक्षा मिळेपर्यंत माझ्या मनात आलं की तिचं लेक्चर चालू असेल, कशाला उगीच. तरी मी फोन केला. म्हटलं, "तुला आधी सांगतोय. अजून काही कळलेलं नाही."

ती घाटकोपरहून माझ्याआधी दवाखान्यात पोचली. माझा कार्डिओग्राम काढला तेव्हा पडद्याबाहेर उभी होती. ॲसिडिटी निघाली. डॉक्टर हसले, गोळ्या दिल्या, वडापाव बंद करा म्हणाले. तीही त्यांच्यासमोर हसली.

परत येताना आम्ही रिक्षा केली. मी म्हटलं, "बघ, काही नाही निघालं. उगीच तुझं लेक्चर बुडवलं." ती बाहेर बघत होती. माझा हात मात्र तिने घट्ट धरला होता, आणि भांडुप येईपर्यंत ती रडत होती.