फुलांसाठी राखलेला ताग

त्या साली फ्लॉवर पिवळा पडला आणि माझ्या मनात जी धास्ती बसली, ती अजून पुरती गेलेली नाही. सत्तरच्या पुढचं साल होतं, नेमकं आठवत नाही.

रान आमचं नव्हतं. पंचवटीतल्या एका मालकाचं होतं, आम्ही निम्म्या वाट्यानं करायचो. आमचं छप्परही त्याच रानात. आधीच्या वाटेकऱ्याचं एक पीक बुडालं, तर मालकानं त्याला बायकापोरांसकट उठवलं होतं. ते मी डोळ्यांनी बघितलेलं.

पावसावर ताग पेरला होता. कोवळा असताना नांगरून मातीत गाडायचा, कुजला की तेच खत. पण त्याला पिवळी फुलं लागली. त्या फुलांची भाजी बाजारात हातोहात जायची.

बायको म्हणाली, "अहो, राहू द्या की थोडे दिवस. फुलं काय मातीला खाऊ घालायची?"

मलाही ती भाजी लय आवडायची. राहू दिला. तोवर काड्या दोरासारख्या चिवट झाल्या. त्याच गाडल्या. वाफ्यातलं फ्लॉवरचं रोप वाढून चाललं होतं, म्हणून वर लगेच तेच लावलं.

आधी खालची पानं पिवळी पडली, मग वरची. मालकाची सायकल लांबून दिसली की मी खुरपं घेऊन बांधाआड सरकायचो.

ग्रामसेवकानं बघून सांगितलं, "कोवळा ताग लवकर कुजतो, नत्र लगेच सुटतं. हा निबर झालाय. मातीतले बारीक जीव त्याला कुजवताना आधी तिथलंच नत्र खाणार. कुजला की परत देतील. तोवर युरिया टाका." सोसायटीत युरिया नव्हता.

बायको रोज सकाळी मातीतली एक काडी उपसून वाकवायची. "अजून मोडत नाय," म्हणायची. वर मलाच टोमणा, "तुमचं तोंड बघून फ्लॉवर पिवळा पडलाय."

एक दिवस मालक आलाच. "काय रे, हळद लावलीस का?"

बायकोनं वाकून काडी उपसली. बोटांत धरली तर भिजल्या कागदासारखी चुरली, काळी.

"मालक, आता सुटंल बघा," ती म्हणाली.

"दिवाळीला येतो. गड्डे नसले तर छप्पर उतरवायचं."

तिथून दिवाळीपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. हळूहळू मधली पानं हिरवी झाली, मग काळपट हिरवी. गड्डे धरले, पण वाटीएवढेच. मालकानं एक उलटून बघितला, नाक मुरडलं, आपला वाटा भरला आणि गेला. छपराचं नावही काढलं नाही. तेव्हा कुठं मी खाली बसलो.

बायको गेल्या साली गेली. औंदा ताग मी कोवळाच गाडला, एक फूल धरू दिलं नाही. तरी पान जरा फिकं दिसलं की मी काडी उपसून वाकवतो. मोडते. मोडली तरी दुसरी उपसून बघतो. मोडलेली काडी हातात घेऊन तसाच उभा राहतो.